चाचणीच्या वेळी मुलाला काहीच आठवत नाही; घरी कोणती मदत करावी?

माझा मुलगा सहावीत आहे. घरी विचारले की तो नीट उत्तरे देतो, पण चाचणीच्या दिवशी सकाळपासून त्याचे पोट दुखते, हात गार पडतात आणि पेपर हातात आला की सगळे पुसले जाते, असे तो सांगतो. गणिताच्या मागच्या उत्तरपत्रिकेत पहिल्या उदाहरणापाशी खोडरबराने घासून घासून कागदाला भोक पडले होते, तर त्याच पानावर खाली असलेले त्याहून अवघड उदाहरण त्याने एकदाही न खोडता बरोबर सोडवले होते. "घाबरू नकोस, सोपे आहे" असे आम्ही सांगत असतो, पण त्याचा उपयोग होत नाही. शिक्षकांनी, समुपदेशकांनी आणि अनुभवी पालकांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. परीक्षेच्या भीतीचे दोन भाग असतात, हे लिबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडले: एक शरीराची धडधड आणि दुसरा मनातली काळजी, म्हणजे "मला जमणार नाही, घरी काय म्हणतील" हे विचार. गुणांवर परिणाम मुख्यतः या दुसऱ्या भागाचा होतो. २४ गुणिले १७ करताना "सात चोक अठ्ठावीस, आठ लिहिले, हातचे दोन" हे दोन मनात धरून ठेवावे लागतात. पण तीच जागा काळजीने व्यापली की हातचा निसटतो, उत्तर चुकते, खोडाखोड सुरू होते आणि काळजी आणखी वाढते. मुलाला विषय येत असूनही असे घडते, म्हणून "सोपे आहे" हे वाक्य मी टाळते. सोपे असूनही आले नाही तर त्याला स्वतःचीच लाज वाटते.

गार हात आणि पोटातली कालवाकालव यांचे कारण मुलाला आधीच, शांत दिवशी समजावून सांगावे. अ‍ॅड्रेनलिन या घाबरल्यावर शरीरात स्रवणाऱ्या द्रव्यामुळे हृदय जोरात चालते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते आणि पचन मंदावते. शरीर कामाला सज्ज होत असल्याची ती खूण आहे. हे ठाऊक असलेले मूल धडधडीचा अर्थ "आता मी नापास होणार" असा लावत नाही.

अभ्यासाची पद्धतही पाहावी. पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा ओळखीचा वाटतो, मात्र पेपरमध्ये तो आठवावा लागतो. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ समोर ठेवून थोडे थोडे लिहून घ्यावे.

प्रतिसाद २

वरील सल्ला पटतो, तरी पालक म्हणून एक सावधगिरी सुचवते. घरचा सराव रोजची परीक्षा होऊ लागला तर मुलाला विसाव्याची जागाच उरत नाही. आठवड्यातून एकदोनदा, गुण न देता आणि चुका मुलाने स्वतः शोधाव्यात अशा रीतीने तो करावा. शाळेच्या दारातच "पेपर कसा गेला, किती सुटले?" असे विचारू नये. माझ्या मुलीने सांगितले की पेपर लिहितानाच तिच्या मनात या प्रश्नाचे उत्तर तयार होत असे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघींचेही आभार. पण प्रत्यक्ष पेपर समोर असताना डोके रिकामे झाले, तर त्याने काय करावे?

प्रतिसाद ३

मी शालेय समुपदेशक आहे. त्या क्षणी पेन खाली ठेवावे, दोन्ही पावले जमिनीला टेकवावीत आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ देत चारपाच श्वास घ्यावेत. मग अडलेला प्रश्न सोडून, येणारा कोणताही प्रश्न आधी लिहावा. खालचे अवघड उदाहरण सोडवताना आपल्या मुलाने नकळत हेच केले आहे. ती उत्तरपत्रिका त्याला दाखवून हे सांगावे. घरच्या सरावातही ही कृती घोटून घ्यावी, कारण घाबरलेल्या अवस्थेत नवी युक्ती सुचत नाही. पेपरपूर्वी दहा मिनिटे मनातली काळजी कागदावर उतरवल्याने अतिशय घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारल्याचे रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवले. प्रत्येकाला हे मानवेलच असे नाही, पण करून पाहावे. तो कागद वाचायला मागू नये.

पोट दुखते म्हणून परीक्षेच्या दिवशी घरी ठेवण्याचा मोह होतो. मात्र आजार नसताना असे केल्यास त्या दिवसापुरती सुटका होते आणि पुढच्या वेळी भीती अधिक बळावते. दुखणे इतर दिवशीही होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. वाचनाचा वेग, अक्षरे ओळखण्यातील अडचण आणि दृष्टी यांचीही तपासणी करून घ्यावी, कारण कित्येकदा भीतीच्या मुळाशी यांपैकी काही असते. झोप उडणे, जेवण कमी होणे किंवा शाळेलाच नकार देणे असे काही आठवडे चालले, तर वर्गशिक्षकांशी बोलून बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्यावी. त्यांच्याकडे जाताना ती उत्तरपत्रिका सोबत न्यावी.