रेडिएशन चालू असताना नाकातली नळी : बाबांना घरी आहार कसा द्यावा?

प्रश्न (खानापूर)
नमस्कार. माझ्या बाबांना घशाचा कर्करोग असून बेळगावात त्यांच्या रेडिएशनच्या 35 डोसांपैकी 22 झाले आहेत. घसा सोलून निघाल्याने गिळणे अशक्य झाले, म्हणून गेल्या आठवड्यात नाकातून पोटापर्यंत नळी घातली. नळीची माहिती देणाऱ्या सिस्टर कन्नडमध्ये बोलल्या, आईला मराठीच येते आणि मी त्या वेळी औषधांच्या रांगेत होतो. घरी नाचणीची आंबील दिल्यावर नळी दोनदा तुंबली. त्याहून मोठी चिंता म्हणजे बाबांनी तोंडाने पाण्याचा घोट घेणेही सोडले आहे, आणि आम्ही जेवायला बसलो की ते उठून परसात जातात. ही नळी कधी निघेल?

उत्तर (निपाणी)
माझ्या पतींना अशी नळी सव्वा महिना होती. आंबील बंद करण्याची गरज नाही. मात्र ती मिक्सरमधून काढून धुतलेल्या मलमलीतून दोनदा गाळावी, आणि गार झाली की दाटते म्हणून कोमट असतानाच द्यावी. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर नळीतून पाणी सोडावे. आम्हाला 30 मिली सांगितले होते. आहार 200 मिली, दर अडीच तासांनी असे. तुमचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडूनच घ्यावे. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरा आणि आहार आपोआप उतरू द्या, वीस मिनिटे लागली तरी चालतील. बाबांना टेकून बसवा आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ देऊ नका, नाहीतर आहार उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण करा. ती सरकलेली दिसली तर काहीही न देता रुग्णालय गाठा, नळी घरी आत ढकलू नका. गोळ्या कुटण्याआधीही विचारा, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळे औषध एकदम अंगात उतरते.

उत्तर (चिकोडी)
माझी नळी नाकातून नव्हे, तर पोटावर छोटे छिद्र करून थेट जठरात घातलेली होती, पण जेवणाच्या वेळी मीही उठून जात असे. पोट भरलेले असूनही फोडणीचा वास सहन होत नसे. पुढे सुनेने माझ्या आहाराची वेळ घरच्या जेवणाशी जुळवली आणि माझी सिरिंज ती पंगतीतच धरू लागली. माझा राग दोन दिवस टिकला, नंतर मी उठेनासा झालो. बाबांच्या गिळण्याचे मात्र लगेच पाहा. गिळण्याचे स्नायू वापरात राहिले नाहीत तर पुढे आखडतात आणि नळी निघणे लांबते, म्हणून किती व कसे गिळणे सुरक्षित आहे हे डॉक्टरांना किंवा गिळण्याच्या थेरपिस्टना विचारून रोजचे व्यायाम सुरू करावेत. रेडिएशन संपल्यावर पहिले एक-दोन आठवडे त्रास वाढू शकतो, त्याने घाबरू नका. माझी नळी अडीच महिन्यांनी काढली, आणि तीही तोंडाच्या आहारावर वजन टिकते याची खात्री झाल्यावरच.

प्रश्नकर्ता (खानापूर)
दोघांचेही मनापासून आभार. आज थेरपिस्टनी तपासून चमचाभर पाणी हनुवटी खाली झुकवून गिळण्याची परवानगी दिली. संध्याकाळी बाबांनी तीन चमचे घेतले, ठसका लागला नाही. खूण केली आहे. मुगाचे कढण चालेल का, हे सोमवारी आहारतज्ज्ञांना विचारणार आहे. आईने मलमल आताच धुऊन ठेवली आहे.