मदत हवी आहे : वीस फुटी पडद्याची फाइल फोटोशॉपमध्ये सेव्ह होत नाही

नमस्कार. एका शाळेच्या शतकमहोत्सवासाठी मंचामागे लावायचा २० फूट बाय १० फूट मापाचा फ्लेक्स मी फोटोशॉपमध्ये तयार करत आहे. काम जवळजवळ पूर्ण झाले असताना फाइल सेव्ह होणे बंद झाले असून, ती अजून संगणकाच्या पडद्यावर उघडीच आहे. संगणक बंद करण्याचे धाडस होत नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

माहिती अशी : विंडोज ११, १६ जीबी रॅम, सी ड्राइव्ह २५६ जीबीची एसएसडी आणि डी ड्राइव्ह १ टीबीची साधी हार्ड डिस्क. डॉक्युमेंट सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत), ८ बिट, रिझोल्यूशन १०० पीपीआय (दर इंचाला १०० पिक्सेल). माजी विद्यार्थ्यांनी दिलेली जुनी छायाचित्रे स्कॅन करून घेतली आहेत आणि प्रत्येकाचा लेयर (चित्राचा स्वतंत्र थर), मास्क (थराचा नको तो भाग झाकणारी सोय) व रंगदुरुस्ती वेगळी ठेवली आहे. पहिल्या तुकडीच्या छायाचित्रावरून घडीची एक पांढरी रेघ थेट मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरून गेली होती. ती पुसण्याचे कामही स्वतंत्र लेयरवर केले आहे, कारण त्यांच्या घरच्यांना मूळ चेहरा बदललेला वाटला तर मागे जाता आले पाहिजे. त्यामुळे सगळे लेयर एकत्र करून टाका हा सल्ला शक्यतो नको आहे.

अडचण एकाच प्रकारची नाही, हीच खरी पंचाईत आहे. कंट्रोल-एस दाबले की प्रगतीची पट्टी निम्म्याच्या पुढे जाते आणि ‘प्रोग्रॅम एरर’मुळे सेव्ह करता आले नाही असा संदेश येतो. नवे नाव देऊन पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाइल) म्हणून सेव्ह करू पाहिले, तर फाइल २ जीबीच्या मर्यादेपेक्षा मोठी असल्याचे सांगितले जाते. डॉक्युमेंट्स फोल्डर निवडले, तर फाइल सापडत नाही असा संदेश येतो, जो मला मुळीच कळलेला नाही, कारण फाइल तर नव्यानेच तयार व्हायची आहे. लहान फाइली मात्र डी ड्राइव्हवर नीट सेव्ह होतात.

उघडे असलेले काम आधी सुरक्षित कसे करावे आणि हे संदेश एकाच कारणाचे आहेत की वेगवेगळ्या, हे कृपया सांगावे. फाइलचे नाव देवनागरीत आहे. त्यामुळे काही बिघडते का, तेही कळावे.

प्रतिसाद १

ताई, प्रथम फोटोशॉप बंद करू नका आणि प्रेफरन्सेस रीसेट करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. तो उपाय प्रत्येक धाग्यावर पहिल्या पाच मिनिटांत सुचवला जातो, पण त्यासाठी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो आणि तुमचे न जतन झालेले काम आत्ता फक्त चालू प्रोग्रॅममध्ये आहे.

तुमच्या मापाचा हिशोब केला की दुसरा संदेश लगेच समजतो. २० फूट म्हणजे २४० इंच. १०० पीपीआयला रुंदी २४,००० पिक्सेल आणि उंची १२,००० पिक्सेल होते, म्हणजे एकूण २८ कोटी ८० लाख पिक्सेल. सीएमवायकेमध्ये ८ बिटला प्रत्येक पिक्सेलमागे ४ बाइट लागतात, तेव्हा पूर्ण कॅनव्हास व्यापणारा एकच लेयर सुमारे १.१५ जीबीचा होतो. सेव्ह करताना थोडे आकुंचन होते हे खरे, परंतु छायाचित्रांच्या बाबतीत ते फारसे होत नाही. पीएसडी या प्रकाराची कमाल मर्यादा २ जीबी आणि कोणत्याही बाजूला ३०,००० पिक्सेल एवढीच आहे. तुम्ही १५० पीपीआय घेतले असते, तर रुंदी ३६,००० पिक्सेल होऊन दुसरी मर्यादाही ओलांडली गेली असती.

त्यावर उपाय म्हणजे पीएसबी, म्हणजेच सेव्ह अ‍ॅजच्या यादीतील ‘लार्ज डॉक्युमेंट फॉरमॅट’. त्यात ३,००,००० पिक्सेलपर्यंतची बाजू चालते, २ जीबीची अट नसते आणि लेयर, मास्क, रंगदुरुस्ती सर्व काही जसेच्या तसे राहते. मात्र आधी सी ड्राइव्हवर जागा किती उरली आहे ते पाहावे. फोटोशॉप रॅम अपुरी पडली की स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या साठवणीची डिस्क) वापरते आणि ती सहसा सी ड्राइव्हच असते. एवढ्या मोठ्या डॉक्युमेंटची हिस्टरी (केलेल्या बदलांची नोंद) साठून तेथे कित्येक जीबी सहज व्यापले जातात. ‘प्रोग्रॅम एरर’ हा संदेश मोघम आहे, त्यामागे अनेक कारणे असू शकतात, परंतु भरलेली डिस्क हे त्यांतील पहिल्यांदा तपासण्याजोगे कारण आहे. रीसायकल बिन आणि डाउनलोड्स रिकामे करावे. त्यानंतरही जागा कमी वाटली, तर एडिट मेनूतील पर्जमधून हिस्टरी काढून टाकावी; त्यानंतर मागे जाता येत नाही, पण तुमचे लेयर वेगळे असल्याने नुकसान नाही.

मग डी ड्राइव्हच्या मुळाशी एक छोट्या नावाचे फोल्डर करून त्यात नव्या नावाने पीएसबी सेव्ह करावी. जुन्या फाइलवर लिहू नये. तरीही अडले, तर त्याच मापाचे नवे डॉक्युमेंट उघडून शिफ्ट दाबून ठेवत लेयरचे गट एकेक करून तिकडे ओढावेत आणि दोन-तीन भागांत सेव्ह करावे. शिफ्टमुळे प्रत्येक गट मूळ जागीच बसतो. एखाद्या बिघडलेल्या लेयरमुळे सेव्ह अडत असेल, तर तो कोणता हेही या पद्धतीने उघडकीस येते.

देवनागरी नावामुळे आजच्या आवृत्त्यांत सहसा अडत नाही. फोल्डरात फोल्डर घालून एकूण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला, तर मात्र विंडोजवरील अनेक प्रोग्रॅम अडखळतात, मग लिपी कोणतीही असो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. सी ड्राइव्हवर खरोखरच नगण्य जागा उरली होती. ती मोकळी करून डी ड्राइव्हवर पीएसबी सेव्ह केली आणि ती पूर्ण झाली; बंद करून पुन्हा उघडून सर्व लेयर तपासले, मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचा लेयरही जागेवर आहे. परंतु डॉक्युमेंट्स फोल्डरात आता लहानशी फाइलसुद्धा सेव्ह होत नाही, तोच ‘सापडत नाही’ हा संदेश येतो. शिवाय पीएसबी ४ जीबीहून थोडी मोठी झाली असून ती पेन ड्राइव्हवर उतरत नाही, जरी त्यावर भरपूर जागा रिकामी दिसते.

प्रतिसाद २

या दोन्ही गोष्टींचा फोटोशॉपशी थेट संबंध नाही.

डॉक्युमेंट्सचे कारण बहुधा विंडोजमधील ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही सोय असावी. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद करू नयेत म्हणून ती २०१७मध्ये विंडोज १०मध्ये आली. ती चालू असेल, तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप यांसारख्या फोल्डरांत अनोळखी ठरलेल्या प्रोग्रॅमला लिहू दिले जात नाही. ओळखीचे प्रोग्रॅम सहसा सुटतात, पण नेहमी नाही. प्रोग्रॅमला मात्र ‘मनाई आहे’ असे स्पष्ट कळत नाही, म्हणून तो आपल्या परीने ‘फाइल सापडत नाही’ असे सांगून मोकळा होतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस संरक्षणाच्या पानावर रॅन्समवेअर प्रोटेक्शन उघडा आणि ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’मधून फोटोशॉपला परवानगी द्या. संपूर्ण सोयच बंद करू नका. तेथेच अडवलेल्या प्रोग्रॅमची नोंद असते, त्यावरून माझा अंदाज बरोबर आहे की नाही हे ताडून पाहता येईल. ती सोय बंदच असेल आणि डॉक्युमेंट्स एखाद्या क्लाउड सेवेशी जोडलेले असेल, तर तिचे सिंक थोडा वेळ थांबवून पाहावे. फाइल लिहिली जात असतानाच ती वर चढवण्याची घाई या सेवांना असते.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्या पद्धतीत एकेक फाइल ४ जीबीच्या आतच असावी लागते, मग पोते कितीही मोठे असो. आतील सामान दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. आणि एक आग्रहाची सूचना : फोटोशॉपमधून थेट पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावर कधीही सेव्ह करू नये, आधी आपल्या डिस्कवर सेव्ह करावे आणि मग कॉपी करावी.

प्रतिसाद ३

वर न आलेला एक मुद्दा. तुमच्या फाइलचे सगळे वजन चित्राचेच असेल असे नाही. जुन्या कामांतून लोगो, चौकटी, नक्षी उचलून नव्या फाइलीत टाकण्याची आपल्याकडे पद्धत असल्यामुळे मूळ डॉक्युमेंटांच्या ओळखक्रमांकांची यादी ‘डॉक्युमेंट अ‍ॅन्सेस्टर्स’ या नावाने मेटाडेटात (फाइलबरोबर जाणाऱ्या तिच्याविषयीच्या माहितीत) साठत जाते आणि वर्षानुवर्षे फिरलेल्या एखाद्या लोगोमुळे काहीशे केबींच्या फाइलीवरही अनेक एमबींचे ओझे चढते. फाइल मेनूतील फाइल इन्फोमध्ये रॉ डेटा उघडल्यावर क्रमांकांची न संपणारी रांग दिसली, तर हेच आहे असे समजावे. लेयर नव्या डॉक्युमेंटात ओढल्याने ही यादीही बरोबर जाऊ शकते; ती काढण्यासाठी छोटी स्क्रिप्ट चालवावी लागते आणि स्मार्ट ऑब्जेक्ट (लेयरच्या आत जशीच्या तशी ठेवलेली दुसरी फाइल) असतील, तर त्यांच्या आतली यादी वेगळी साफ करावी लागते. उत्सवांचे फलक करणाऱ्यांकडील देवांच्या चित्रांत हा प्रकार मी सर्रास पाहतो.

फाइल हँडलिंगमधील ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ ही निवडही पाहावी. ती चालू असताना लेयरांबरोबर संपूर्ण एकत्रित चित्राची आणखी एक प्रत फाइलमध्ये ठेवली जाते. लाइटरूमसारख्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडायची नसेल, तर ती बंद ठेवायला हरकत नाही. दर १० मिनिटांनी होणाऱ्या आपोआप जतनावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण ती नोंद प्रोग्रॅम अचानक कोसळला तरच उपयोगी पडते. आपण होऊन ‘सेव्ह नको’ म्हणत बंद केले, तर तेथून काही मिळत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेसच्या नोंदीत फोटोशॉपचे नाव सापडले. परवानगी दिल्यावर डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह होऊ लागले. पेन ड्राइव्हही एक्सफॅट करून घेतला. आता छपाईवाल्यांना काय द्यावे? त्यांच्याकडे पीएसबी उघडत नाही असे कळले.

प्रतिसाद १

पीएसबी स्वतःकडेच ठेवावी. छपाईसाठी प्रत करून, ती प्रतच फ्लॅटन करून (सर्व लेयर एकत्र करून) टिफ या प्रकारची फाइल द्यावी आणि चित्राचा दर्जा न घटवणारे एलझेडडब्ल्यू आकुंचन निवडावे. टिफची मर्यादा ४ जीबी आहे आणि तुमचे एकत्रित चित्र आकुंचनाशिवायही १.१५ जीबीच भरते. पडदा काही फुटांवरून पाहिला जाणार असल्यामुळे छपाईवाले ७२ पीपीआयला तयार असतील, तर १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होऊन वजन साधारण ६०० एमबीवर येईल. पण आकार कमी करणे फक्त त्या प्रतीवर करावे. पुढच्या वेळी शाळेचे नाव, निमंत्रकांची यादी वगैरे मजकूर कोरल या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये लावला आणि फोटोशॉपमध्ये केवळ छायाचित्रे ठेवली, तर अक्षरांच्या कडाही स्वच्छ येतील; कोरलचे पान १५० फुटांपर्यंत जाते.

जाता जाता, फोटोशॉप बंद केल्यावर विंडोजच्या टेम्प फोल्डरात ‘फोटोशॉप टेम्प’ने सुरू होणाऱ्या मोठ्या फाइली उरल्या असतील, तर त्या पुसून टाकाव्यात. मधे प्रोग्रॅम कोसळला असेल, तर त्या तेथेच पडून राहतात. स्क्रॅच डिस्कच्या यादीत डी ड्राइव्हलाही खूण करावी. साधी हार्ड डिस्क असल्यामुळे काम थोडे सावकाश होईल, पण सी ड्राइव्ह भरली म्हणून सेव्ह अडणार नाही.