'पॉप आर्ट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

एका लेखाचे मराठी भाषांतर तपासत असताना अँडी वॉरहॉल यांच्याविषयी पुढील वाक्य आढळले : 'चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक वॉरहॉल यांची लोकप्रिय कला अमेरिकन लोकसंस्कृतीने प्रेरित होती.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात चूक नाही, पण ते वाचून डोळ्यांपुढे वॉरहॉल यांच्या चित्रांतले सूपचे डबे येण्याऐवजी शेकोटीभोवती बॅन्जो वाजवणारे शेतकरी येतात. 'पॉप आर्ट' आणि 'पॉप्युलर कल्चर' यांना योग्य शब्द कोणते?

प्रतिसाद

तुम्हाला बॅन्जोवाले दिसतात ते 'लोक' या पूर्वपदामुळे. लोकगीत, लोककथा, लोकनाट्य अशा समासांत मराठीने या पदाला एक ठरावीक अर्थ दिला आहे : कर्ता अज्ञात, मालक कोणी नाही, आणि जे पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी किंवा हातोहात आले ते. जात्यावरच्या ओव्या लोकसंस्कृतीत मोडतात, कॅम्पबेल कंपनीचा सूपचा डबा मोडत नाही. त्याला मालक आहे, नोंदवलेले बोधचिन्ह आहे, आणि तो परंपरेने नव्हे तर कारखान्यातून आलेला आहे.

'लोकप्रिय कला' हा शब्द वरवर निर्दोष वाटतो, पण तो विशेषण चुकीच्या जागी बसवतो. लोकप्रिय होते ते चित्राचे विषय. चित्रे तशी होतीच असे नाही. १९६२ च्या जुलैमध्ये लॉस एंजलिसच्या फेरस गॅलरीत वॉरहॉल यांनी सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. कंपनी त्या वेळी जितक्या प्रकारचे सूप विकत होती तितकी चित्रे, प्रत्येक साधारण ५१ बाय ४१ सेंटिमीटरचे, आणि सगळी वाण्याच्या दुकानातल्यासारखी फळीवर ओळीने टेकवलेली. शेजारच्या एका कलादालनाने काचेमागे खरे डबे रचून आपल्याकडे हाच माल स्वस्तात मिळेल अशी थट्टा केली. गिऱ्हाइके मोजकीच आली, आणि शेवटी दालनाचे चालक अर्व्हिंग ब्लम यांनी सगळा संच एकत्र राहावा म्हणून स्वतःच १००० डॉलरला, तेही हप्त्याने, घेतला. याला 'लोकप्रिय कला' म्हटले तर नाट्यसंगीताला काय म्हणायचे, हा प्रश्न उरतो.

'पॉप आर्ट' या शब्दाच्या अर्थाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. तो अमेरिकेत नव्हे, लंडनमध्ये रुळला, आणि आरंभी त्याचा अर्थ आजच्या जवळजवळ उलट होता. ब्रिटिश चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांनी जानेवारी १९५७ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात पॉप आर्टची लक्षणे दिली आहेत : मोठ्या समुदायासाठी घडवलेली, अल्पजीवी, स्वस्त, घाऊक उत्पादनाची, तरुण, चटकदार, आणि मोठ्या धंद्याची. हे वर्णन दालनातल्या चित्रांचे नाही. जाहिराती, मासिके, सिनेमे या मालाचेच आहे. पुढे काही वर्षांत हे नाव मालावरून सरकून तो माल कॅनव्हासवर आणणाऱ्या चित्रकारांच्या कामाला चिकटले. आपल्याकडे 'कॅलेंडरवरची चित्रे' म्हटले की अजूनही भिंतीवर टांगलेली लक्ष्मी-सरस्वतीच समजली जाते, तिच्यावरून चित्र काढणारा चित्रकार नव्हे. इंग्रजी शब्द जिथून पुढे सरकला तिथेच आपला थांबलेला आहे, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही.

'बाजारू' आणि 'सवंग' हे शब्द माझ्याही मनात येऊन गेले. अर्थाच्या ते जवळ आहेत, पण दोन्हींत नाक मुरडलेले आहे, आणि वॉरहॉल यांची चित्रे नाकही मुरडत नाहीत व टाळीही वाजवत नाहीत, हाच तर त्यांचा पेच आहे. चित्रकाराने जो निवाडा दिला नाही तो भाषांतरकाराने देऊ नये. 'जनसंस्कृती' निर्दोष आहे, परंतु तिच्यापुढे 'परिषद' हा शब्द आपोआप ऐकू येतो. 'पॉप चित्रकला' अपुरी पडते, कारण वॉरहॉल यांची १९६४ मधली ब्रिलो साबणाची खोकी प्लायवूडची आहेत. ती भिंतीवर नव्हे, जमिनीवर रचलेली असतात. म्हणून 'पॉप आर्ट' तसाच ठेवावा. 'पॉप्युलर कल्चर'ला 'लोकप्रिय संस्कृती' चालेल, मात्र प्रथम उल्लेखात 'जाहिराती, सिनेतारका आणि किराणा मालाची वेष्टने' असे सरळ सांगून टाकावे.

आता 'प्रेरित'. मॅरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये वारल्यानंतर वॉरहॉल यांनी 'नायगारा' या १९५३ च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेले मन्रो यांचे छायाचित्र घेतले आणि रेशमी जाळीतून शाई दाबून ते कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा उतरवले. ही रीत आपल्याला परकी नाही. माझा मावसभाऊ अनेक वर्षे लग्नपत्रिकांचे स्क्रीन प्रिंटिंग करीत असे. चौकट किंचित हलली की गणपतीचा लाल रंग सोंडेबाहेर जाई आणि तो पत्रिकांचा अख्खा गठ्ठा बाजूला काढी. मॅरिलिनच्या ओठांचा रंग तसाच ओठांबाहेर सरकलेला आहे, फक्त गठ्ठा बाजूला काढलेला नाही. अशा कामाला 'प्रेरित' फार सोवळा शब्द वाटतो. 'उचललेले' म्हणावे तर चोरीचा वास येतो. मला 'बेतलेले' योग्य वाटतो. तो शिंप्याचा शब्द आहे. माप मुळाचेच राहते, कापड मात्र दुसरे.

पुरवणी प्रश्न

आभारी आहे. 'चित्रकार' आणि 'दिग्दर्शक' हे दोन शब्द मात्र ठेवण्यास हरकत नसावी?

प्रतिसाद

'चित्रकार' ठेवावा, थोड्या संकोचाने. मराठीत पाट्या, पडदे, फलक रंगवतो तो 'पेंटर' आणि प्रदर्शन भरवतो तो 'चित्रकार' अशी उतरंड आहे. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, पुढे चित्रपट काढले, आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. वॉरहॉल यांनीही १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोड्यांच्या जाहिरातींसाठी चित्रे काढून नाव कमावले होते. आपल्याकडे या व्यवसायाला 'उपयोजित कला' असा चांगला शब्द आहे आणि तो लेखात कुठेतरी यायला हवा. ब्रिलोचे मूळ खोके ज्यांनी उपयोजित कलाकार म्हणून आखले ते जेम्स हार्वी स्वतः अमूर्त चित्रे काढीत. म्हणजे एकाचे पोटापाण्याचे काम दुसऱ्याच्या नावाने कलादालनात गेले. 'उपयोजित' हा शब्द नसेल तर ही गंमत मराठीत कळणार नाही.

'दिग्दर्शक' मात्र मी बदलेन. वॉरहॉल यांच्या 'एम्पायर' या १९६४ च्या चित्रपटात एम्पायर स्टेट बिल्डिंग ही एकच इमारत आहे आणि ती आठ तासांहून थोडा अधिक वेळ दिसते. संध्याकाळ होते, दिवे लागतात, कॅमेरा जागचा हलत नाही. शिवाय सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने टिपलेले दृश्य १६ च्या गतीने दाखवायचे असल्यामुळे रात्र मुळात होती त्याहून लांबते. यात दिशा कोणाला दाखवायची? 'चित्रपटकार' हा शब्द इथे अधिक खरा आहे, आणि तो 'चित्रकार'शेजारी शोभतोही.

'चित्रपट' म्हणजे मुळात चित्र काढलेले कापड. वॉरहॉल यांच्या 'मॅरिलिन डिप्टिक' या जोडचित्रात एकच चेहरा ५० वेळा, रांगांनी, २५ रंगीत आणि २५ काळेपांढरे असा छापलेला आहे, आणि काळ्यापांढऱ्या बाजूला तो शाई संपत आल्यासारखा फिकट होत जातो. फिल्मच्या पट्टीसारखे दिसणारे हे कापड जुन्या आणि नव्या दोन्ही अर्थांनी चित्रपट ठरते. अर्थात हे भाषांतरात घालू नये. मूळ लेखकाने ते म्हटलेले नाही.