डाकोटा डोक्यावरून गेले, तेव्हा तुमच्या शेजारी कोण होते?

दुरुस्त करून पुन्हा उडवली जाणारी लष्करी विमाने हवाई प्रात्यक्षिकांत आता अनेकांनी पाहिली आहेत. 2012 साली टायगर मॉथ हे जुने प्रशिक्षण विमान पुन्हा उडाले, 2018 साली ‘परशुराम’ नावाचे डाकोटा हे जुने वाहतूक विमान इंग्लंडहून टप्प्याटप्प्याने उडत भारतात आले, आणि 2021 च्या प्रजासत्ताक दिनी हेच डाकोटा दोन एमआय-17 हेलिकॉप्टरांना बरोबर घेऊन राजपथावरून गेले. विमानांची माहिती कुठेही मिळते, म्हणून या धाग्यात ती नको. ज्या माजी सैनिकांच्या सन्मानार्थ ही विमाने उडवली जातात, त्यांपैकी कोणी आपल्या शेजारी बसले असेल, तर त्यांनी काय पाहिले आणि ते काय बोलले, एवढेच लिहावे. सुरुवात मी करतो.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, हवाई दलात इंजिन फिटर होते आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे डाकोटांखाली गेली. दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उभे असलेले डाकोटा पाहायला मी त्यांना नेले, तेव्हा ते भारावून जातील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात त्यांनी चकाकणाऱ्या रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते डाव्या इंजिनाखाली उकिडवे बसले, खालच्या ट्रेमध्ये पडलेल्या ऑइलला बोट लावून ते दोन बोटांत चोळले आणि समाधानाने म्हणाले, ‘‘गळतंय. म्हणजे आत ऑइल आहे.’’ या इंजिनात चौदा सिलिंडर वर्तुळाकार बसवलेले असतात, त्यामुळे इंजिन बंद असताना ऑइल खालच्या सिलिंडरांत उतरून साठते, आणि ते तसेच ठेवून स्टार्टर मारला तर पिस्टन त्या ऑइलवर अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून पाहावा लागतो, हे त्यांनी तिथल्या तरुण तंत्रज्ञालाच समजावून सांगितले. त्याला हे अर्थातच माहीत होते. तरीही त्याने मध्ये न बोलता सगळे ऐकून घेतले आणि शेवटी ‘‘होय सर’’ म्हणाला. त्यावर नानांनी त्याला थांबवले: ‘‘सर अधिकाऱ्यांना म्हणायचं. मी सार्जंट होतो.’’

* * *

माझा अनुभव थोडा कडवट आहे. माझे मामा दुसऱ्या पॅरा बटालियनचे, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणाऱ्या, मूळच्या तिसऱ्या मराठा पलटणीचे. बांगलादेश युद्धात 11 डिसेंबर 1971 रोजी टांगाईलला ज्यांनी विमानातून उड्या मारल्या, त्यांत तेही होते. त्या दिवशी डाकोटांबरोबर पॅकेट, कॅरिबू आणि एएन-12 विमानेही होती, परंतु मामांच्या वाट्याला डाकोटा आले होते. आम्ही ज्या प्रात्यक्षिकाला गेलो, तेथे माजी सैनिकांना पहिल्या रांगेत बसवून शाली दिल्या गेल्या. मात्र डाकोटा अगदी खालून येऊ लागले त्याच क्षणी ध्वनिक्षेपकावर शौर्य, बलिदान वगैरे सुरू झाले, आणि ज्या आवाजासाठी मामा आले होते तो त्या निवेदनात बुडून गेला. मामांनी कानामागे हात धरला, मान वळवली आणि विमान दिसेनासे होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, ‘‘या विमानात मी कितीतरी वेळा चढलो, पण त्यातून जमिनीवर पाय ठेवून उतरलो फार थोड्या वेळा.’’ छत्रीची दोरी वरच्या तारेला अडकवून दाराशी उभे राहिल्यावर पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते, त्यामुळे डाकोटा बाहेरून कसे दिसते याकडे आपले कधी लक्षच गेले नव्हते, असेही त्यांनी सांगितले. आयोजकांना विनंती एवढीच, की विमान डोक्यावर असताना अर्धा मिनिट बोलू नये.

* * *

सासरे वैमानिक होते. टायगर मॉथच्या पंखाला हात लावून त्यांनी कापडाचा ताण तपासला, मग मला म्हणाले, ‘‘मागच्या जागेवर मी, पुढे शिक्षक. ते रबरी नळीतून ओरडायचे.’’ एवढेच! 130 अश्वशक्तीच्या त्या कापड मढवलेल्या विमानावर त्यांनी हवाई दलातील आपली कारकीर्द सुरू केली, हे मला त्यांच्याशी झालेल्या या पहिल्या आणि शेवटच्या संभाषणातून कळले.

* * *

एक शंका मांडतो, राग नसावा. डाकोटाच्या शेपटीवर व्हीपी 905 हा क्रमांक आहे. काश्मीरच्या लढाईत 27 ऑक्टोबर 1947 रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन दिल्लीहून श्रीनगरला पोहोचलेल्या पहिल्या डाकोटाचा हा क्रमांक. त्या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. परंतु आज उडते ते विमान वेगळे आहे, परदेशातून मिळवून दुरुस्त केलेले. माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध सुभेदारांना मात्र निवेदकाच्या बोलण्यावरून हेच ते विमान असे वाटले, आणि त्यांनी उठून सलाम केला. त्यांना खरे सांगावे की नाही हे मला ठरवता आले नाही आणि मी गप्प राहिलो.

* * *

वरील शंका मी नानांना वाचून दाखवली. त्यांच्या मते सुभेदारांना सांगायला हवे होते, कारण सलाम त्यांनी तरीही केलाच असता. ‘‘आम्ही एका विमानाचं इंजिन काढून दुसऱ्याला लावत होतो, चाकं बदलत होतो, शेपटीचं रडरसुद्धा. फॉर्मवर नंबर तेवढा नीट लिहायचा, बास.’’ मग त्यांनी मला विचारले, त्या दिवशी उड्डाणापूर्वी पंखे हाताने फिरवले होते का, आणि ते मी पाहिले होते का. मी पाहिले नव्हते.