मदत हवी आहे: जुन्या ब्रिटिश झेरॉक्स कॉमिक्सची नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी. लेस्टरला जुन्या बाजारात एक खोकं मिळालं. आत ८०च्या दशकातली साठेक स्मॉल प्रेस (हौशी लोकांनी स्वतःच काढलेली) कॉमिक्स आणि फॅनझिन्स (चाहत्यांनी काढलेली नियतकालिकं) आहेत. ए-फोर कागद मधून दुमडून, झेरॉक्स काढून घरीच पिना मारलेली (आपल्या कॉलेजातल्या हस्तलिखितांची चुलत भावंडंच!). १९८१ पासून पॉल ग्रॅव्हेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॉमिक मार्टमध्ये 'फास्ट फिक्शन' नावाच्या टेबलावर असेच अंक विकायचे.

अडचण अशी की निम्म्यांवर ना साल, ना खरं नाव. एक युक्ती सापडली: लंडनचा फोन नंबर ०१ ने सुरू होत असेल, तर अंक बहुधा मे १९९० च्या आधीचा, कारण तेव्हा कोड बदलून ०७१ आणि ०८१ झाले. पण बाकीच्यांचं काय? नोंदीत टोपणनावच लेखक म्हणून धरायचं का? अंदाजे साल कसं लिहिता?

शिवाय पिना गंजून कागदावर तांबूस डाग पडलेत. स्कॅनिंगआधी त्या काढू की तशाच ठेवू? ग्रंथालयात किंवा दप्तरखान्यात काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. लॅमिनेशन सुचवू नका, एकाने आधीच सुचवलंय.