डोंगरउतारावर टोमॅटोची रोपं बाहेर कधी लावावीत?

प्रश्न: थंडी उशिरापर्यंत टिकते, उन्हाळा छोटा. पहाटे दव गोठून रोपं काळी पडतात. काय करावं?

उत्तर १: बी 6 ते 8 आठवडे आधी घरात ट्रेमध्ये पेरा. रात्रीचं तापमान सलग 10 अंशांच्या वर राहू लागलं की लागवड करा. त्याआधी 7 ते 10 दिवस रोपं बाहेर ठेवून सरावू द्या: पहिल्या दिवशी सावलीत दोन तास, मग रोज थोडं जास्त. न सरावता लावायची घाई हमखास नडते. पानं उन्हानं पांढरी पडून करपतात.

उत्तर २: जागाही बघा. थंड हवा जड, पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. तिथे मटार, पालक, मुळा लावा. टोमॅटो मधल्या, भरपूर उन्हाच्या टप्प्यावर. वाफे उताराला आडवे हवेत, नाहीतर माती वाहून जाईल. खालच्या बाजूला सलग कुंपण असेल तर त्यात फट ठेवा, नाहीतर थंड हवा अडून राहते.

प्रश्नकर्ता: प्लॅस्टिक झाकलं तरी शेंडे जळतात.

उत्तर १: प्लॅस्टिक पानांना टेकत असणार. काठ्यांची कमान करून ऊन असतानाच झाका, कडा मातीत दाबा. दुपारीच पाणी द्या, ओली माती ऊब जास्त धरते. सकाळी ऊन आलं की लगेच काढा.