अनुभव धागा: तुमचा ठोकळ्यांचा मनोरा कुठवर टिकला?

उन्हाळी सुट्टीत घरोघरी ठोकळ्यांचे डबे उघडले असतीलच. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत लेगोचा २×२ ठोकळा (एकमेकांत अडकणारा, वर चार बोंडं असलेला) यंत्राखाली दाबून पाहिला होता. सरासरी ४,२४० न्यूटन, म्हणजे सुमारे ४३२ किलो भार त्यानं पेलला. त्यापुढे तो फुटला नाही, नुसता पसरत गेला. हिशेबानं त्याच्या डोक्यावर पावणेचार लाख ठोकळे बसतात, मनोरा साडेतीन किलोमीटर! मग आपले पंख्यापर्यंतही का पोचत नाहीत? जळगाव-धुळे-नंदुरबारकर, लिहा.

भुसावळचा भाचा: एकेरी रांग रचली. छातीपर्यंत गेली नाही तोच मधेच पोट काढलं आणि गेली. ठोकळे सगळे शाबूत.

ओळंबा (धुळे): भो, ठोकळा चिरडायची वेळ येतच नाही. त्याआधी मनोरा वाकतो. जरा कलला की वजन एका कडेला सरकतं, दुसऱ्या कडेची बोंडं उपसायला लागतात, त्यानं तो आणखी कलतो. स्वतःच्याच वजनानं न वाकता उंची दुप्पट करायची तर भरीव मनोऱ्याची रुंदी जवळजवळ पावणेतीन पट लागते. दुप्पट पुरत नाही. म्हणून आमच्या पोरांना मी पोकळ चौकोन करायला लावतो: माल बाहेरच्या कडांना, मधे आडवे पट्टे, आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. गवंडी वीट लावतो तसंच.

आठवडेबाजार (नंदुरबार): बाजारातले स्वस्त ठोकळे घेतले. कुणी घट्ट, कुणी ढिला. एकात केसभर फरक, शंभरात मनोऱ्याचा तोल जातो.

एरंडोलकर: आमच्या तालुक्यातल्या फरकांडे गावचे झुलते मनोरे पाहिलेत का? एक हलवला की दुसरा हलायचा म्हणतात. प्लास्टिकवाल्यांनी तो नाद करू नये.

मे_महिना (जळगाव): कूलर लावला की मनोरा पडतो, बंद केला की आम्ही.

ओळंबा: वारा हाच खरा वैरी. २०१५ मध्ये मिलानला ३५.०५ मीटरचा झाला. तेवढ्या उंचीला तारांचे ताण द्यावेच लागतात, घडानं लवलेल्या केळीला टेकू देतो तसे.

भुसावळचा भाचा: मांजा चालेल?

ओळंबा: साधा दोरा घे, पोरं आहेत घरात. चारही बाजूंनी सारखा ताण. एकच बाजू ओढलीस तर तिकडेच येईल.